मामाजींचा उजवा हात

जावयाला दहावा ग्रह म्हणतात. माझ्या बाबतीत उलटंच झालं. ग्रह आपल्या घरी स्वस्थ बसला होता आणि सासराच त्याच्याकडे मुक्कामाला आला. आला म्हणजे काय, आणावा लागला. मागच्या फाल्गुनात मोहगावच्या बगीच्यात संत्र्याला पाणी सोडता सोडता कवडूजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, लकवा मारून गेला. नागपूरच्या दवाखान्यात बारा दिवस काढले. पाय सुधारला, बोलणंही बरंचसं परत आलं. उजवा हात तेवढा मांडीवर पडून राहिला. सासूबाईंना जाऊन सात वर्षं झालेली, आणि एकुलती एक लेक म्हणजे माझी बायको तृप्ती. मग पांढुर्ण्याच्या आमच्या तीन खोल्यांत त्यांची खाट पडली.

मी त्यांना मामाजी म्हणतो, ते मला जवाईबापू. ह्या दोन शब्दांपलीकडे आमचं फारसं बोलणं कधी नव्हतं. मी सरकारी शाळेत गणित शिकवतो आणि मामाजींचा हिशेब झाडांवर चालतो. लेकीच्या घरी चार दिवसांच्या वर राहणं म्हणजे त्यांच्या लेखी गुन्हाच. आल्या दिवसापासून ते असे वागत, जणू पुढच्या गाडीनं निघायचंच आहे. पिशवी भरलेली, चपला खाटेखाली, टोपी उशाशी. पहिल्या महिन्यात मला त्याचा रागही आला. एवढं करूनही माणूस आपल्या घरात पाहुण्यासारखा बसतो म्हणजे काय! आता वाटतं, पाहुणा तर मीच त्यांना करून ठेवलं होतं. ‘तुम्ही फक्त आराम करा’ असं दिवसातून दहादा सांगत होतो. साठ वर्षं राबलेल्या माणसाला ह्याहून वाईट शिवी नसेल.

दवाखान्यातल्या केतकी मॅडमनं व्यायामासाठी एक मऊ बॉल दिला होता. सकाळी शंभरदा दाबायचा, संध्याकाळी शंभरदा. मामाजींनी तो खिडकीत ठेवून दिला.

“बाबा, दाबा ना बॉल,” तृप्ती म्हणायची.

“दाबून काय निंघते त्याच्यातून? ना पानी निंघत, ना दूध. लहान पोट्टा हावो काय मी?”



आता माझ्या विमानाबद्दल सांगायला हवं. आमच्या जेवणाच्या टेबलावर कोणी जेवत नाही, कारण त्यावर विमान आहे. कॉम्प्युटरवर विमान उडवण्याचा एक खेळ असतो. खेळ म्हटलं की मला राग येतो, पण दुसरा शब्द नाही. पडद्यावर खरी धावपट्टी, खरं आकाश, आणि समोर टेबलाला आवळलेलं एक हँडल. गाडीच्या स्टिअरिंगच्या निम्मं, वर दोन टोकं आलेली, आणि मागे लोखंडी दांडा. तो दांडा एका डब्यात आत-बाहेर सरकतो. हँडल ओढलं की विमान वर, दाबलं की खाली, वळवलं की त्या अंगाला कलतं. नागपूरच्या एका हौशी माणसाकडून मी ते जुनंच घेतलं. वह्या तपासून डोकं उठलं की मी नागपूरहून भोपाळला जाऊन येतो. तृप्तीचं म्हणणं, “तिकीट नाही, पेट्रोल नाही अन् कुठं जाणंही नाही. असं विमान फक्त मास्तरालाच परवडते.”

जेठातल्या एका रविवारी मी असाच उडत होतो, तर मागून खाटेवरून आवाज आला. “जवाईबापू, मोहगाव कुठं आलं?”

मी सौंसरवरून विमान वळवलं. त्या खेळात जमिनीची चित्रं खरी असतात, वरून काढलेली. हिरव्या ठिपक्यांचे चौकोन दिसू लागले. मामाजी उठून माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

“डावीकडून घ्या. ते अंकुशचं वावर हाय, आपलं नाई. आता खाली. ती पाहा विहीर! ते टिनाचं छप्पर!”

तेवढ्यात मुख्याध्यापकांचा फोन आला म्हणून मी अंगणात गेलो. परत येतो तर मामाजी माझ्या खुर्चीत! डाव्या हातानं त्यांनी उजवा हात उचलून हँडलवर ठेवला होता. विमान केव्हाच कुठल्याशा नाल्यात पडलं होतं. त्याचं त्यांना काही नव्हतं. ते त्या दोन टोकांवरून बोटं फिरवत होते.

“याले शिंगं हायेत,” ते म्हणाले.

त्या दिवसापासून माझं विमान माझं राहिलं नाही. सकाळी आंघोळ झाली की मामाजी खुर्चीत बसत. डावा हात मांडीखाली दाबून ठेवत, कारण “हा मोकळा राहिला त तो आळशी उठनच नाई.” आणि मोहगावभोवती घिरट्या घालत. पहिले पंधरा दिवस विमान पडतच होतं. मग अर्धी फेरी, मग पूर्ण. मी मनातून कुरकुरत होतो, खोटं कशाला सांगू? एकदा तर शाळेतून येऊन मुद्दाम खुर्चीमागे खाकरत उभा राहिलो. पण आखाड सरता सरता त्यांची बोटं मिटायला लागली आणि श्रावणात त्यांनी उजव्या हातानं चहाचा कप उचलला. निम्मा चहा धोतरावर सांडला. तृप्ती रडली आणि मामाजी तिलाच ओरडले, “अवं, सांडला त पुस. रडते कायले?”

त्याच दिवशी त्यांनी स्वतःलाच अट घातली. मोहगावात दसऱ्याला आपट्याचं सोनं द्यायला अख्खी आळी आधी कवडूजींच्या ओट्यावर येते. वयाचा मान. “डाव्या हातानं सोनं देनं बरं दिसत नाई. दसऱ्यापावतर हात चालला, त मी माह्या घरी. नाई चालला, त वावर अन् घर अंकुशले देऊन टाकीन, अन् तुमच्या खाटेवर पडून राहीन.” अंकुश म्हणजे त्यांचा धुऱ्याशेजारचा, बांधाला बांध लागून असलेला शेतकरी. लकवा झाल्यापासून बगीचा तोच बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, पाहत होता आणि विकत घ्यायचीही त्याची तयारी होती. माणूस भला, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण ‘देऊन टाकीन’ म्हणताना मामाजींचा आवाज असा काही झाला की तृप्ती आत निघून गेली.

मग पोळा आला. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या खांद्यांना तूप-हळद चोळायची आणि ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या’ असं बैलांना सांगायचं. मामाजींची जोडी जेठातच विकली गेली होती. घरी बांधणारं कोणी नव्हतं, दुसरा इलाज नव्हता. त्या दिवशी मी शाळेतून उशिरा आलो. मामाजी खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. डाव्या हाताची बोटं पिवळी दिसली. गुडघ्याला हळद लावली असेल असं समजून मी पुढं गेलो. पोळा झाला, दुसऱ्या दिवशी सावरगावच्या बाजूनं गोटमारीचा, म्हणजे जाम नदीवरच्या दगडफेकीच्या खेळाचा, कल्ला ऐकू येत होता, पण मामाजी विमानातून उठले नाहीत.

त्यानंतर मात्र काही तरी बिनसत गेलं. माझी त्रैमासिक परीक्षेची गडबड सुरू झाली. तीन आठवडे मी विमानाला हात लावला नाही. मामाजी रोज बसायचे, पण आता कण्हत, दात आवळून. दोन तासांचा एक तास झाला, मग अर्धा. एके सकाळी पाहिलं, कप डाव्या हातात गेला होता. मी पाहिलं आणि काही विचारलं नाही, कारण माझ्यापुढे दोनशे उत्तरपत्रिका होत्या. ही गोष्ट मला अजून टोचते.

तृप्तीनं केतकी मॅडमकडे चला म्हटलं, तर ते म्हणाले, “ते काय सांगन? मले समजत नाई काय माह्या हाताचं? दिवसेंदिवस जड व्हऊन राहिला. हँडल हालत नाई आता.” आणि दसऱ्याला आठ दिवस असताना मला म्हणाले, “जवाईबापू, अंकुशले फोन लावून द्या. रविवारी ये म्हना. बोलनं करून टाकू.”

मी फोन लावून दिला. दुसरं काय करणार होतो?

शनिवारी दुपारी शेवटचा गठ्ठा संपला. डोकं बधिर झालं होतं. मामाजी ओट्यावर बसले होते. म्हटलं, एकदा भोपाळला जाऊन येऊ. खुर्चीत बसलो, हँडल धरलं आणि वळवलं, तर वळेना! पुन्हा जोर लावला. कर्र करून बोटभर सरकलं आणि तिथंच चिकटलं. आत दाबलं तर दांडा चिखलात रुतलेल्या खुंटासारखा. माझं डोकंच फिरलं. विमान बिघडलं म्हणून, आणि सासऱ्यावर ओरडता येत नाही म्हणून, वड्याचं तेल वांग्यावर निघालं.

“तृप्ती! काय सांडलं ह्याच्यावर? कितीदा सांगितलं, ओल्या फडक्यानं पुसू नको!”

“मी हात नाही लावत तुमच्या विमानाला,” ती स्वयंपाकघरातून म्हणाली. “त्याच्यावरचा धूळ-कचराही तुमच्या मालकीचा आहे.”

आणि मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हँडल जाम आहे. मला, दोन्ही हात धड असलेल्या माणसाला, ते वळत नाही. म्हणजे मामाजींचा हात…

मी ओट्यावर धावलो. “मामाजी, तुमचा हात बिघडला नाही, मशीन बिघडलंय! मलाही वळत नाही ते!”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, दयेनं पाहिलं. “राहू द्या, जवाईबापू. माह्या जिवाले बरं वाटावं म्हनून बोलून राहिले तुमी. तुमचं मन मोठं हाय.”

“अहो, खरंच जाम आहे!”

“उद्या अंकुश येईन. आता कायले ते?”

गणिताच्या मास्तरावर कोणी असा अविश्वास दाखवला की त्याला सिद्धता मांडावीच लागते. मी स्क्रू-ड्रायव्हर काढला. तृप्तीच्या शिलाई मशीनचं तेल आधी हाताशी आलं, पण इंटरनेटवर सगळे जाणकार एकच ओरडत होते, की साधं तेल किंवा ग्रीस घालू नका, आतलं प्लास्टिक फुगतं. आधी उघडा, पुसा, कोरडं करा, मग सिलिकॉनचं ग्रीस लावा. पांढुर्ण्यात शनिवारी संध्याकाळी सिलिकॉनचं ग्रीस कुठं मिळणार? पण पाण्याचे फिल्टर दुरुस्त करणारा राजू रबरी रिंगांना एक पांढरं ग्रीस लावतो, ते आठवलं. विचारलं, तर तेच निघालं. त्यानं गोळीच्या रिकाम्या डबीत थोडं काढून दिलं. मेडिकलमधून स्पिरिट आणलं, जुना टूथब्रश शोधला. मामाजींना मी हट्टानं शेजारी स्टुलावर बसवलं. साक्षीदार पाहिजेच होता. तृप्ती मोबाइलची बॅटरी धरून उभी राहिली.

सहा स्क्रू काढले, झाकण उचललं. आणि घरात वास सुटला. तुपाचा. जुन्या, खवट तुपाचा. दांड्याभोवती, तो ज्यातून सरकतो त्या बुशात, खाचेत, सगळीकडे घट्ट पिवळा राप बसला होता. त्यात धूळ आणि बारीक केस मळले गेलेले. मी नखानं खरवडून वास घेतला.

“ही हळद आहे,” मी म्हणालो. “तूप आणि हळद! तृप्ती…”

“मी लावली,” मामाजी म्हणाले.

आम्ही दोघं त्यांच्याकडे पाहत राहिलो. त्यांची मान खाली होती. चोरी सापडलेल्या पोरासारखे ते स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होते.

“पोयाच्या आंदल्या दिशी. तुमी शाळेत होते, तृप्ती नळावर होती. बैल त नाई राहिले. पन्नास वर्सं झाले, खांद शेकल्याबिगर माहा पोया नाई गेला. मनलं, यंदा कोनाचे शेकू? काम त यानंच केलं माह्यासंगं. रोज, दोन-दोन घंटे. शिंगं बी हायेत त्याले.” ते थांबले. “दांडा जिथं आत जाते ना, तिथंच सारा भार येते त्याच्यावर. तेच याचे खांद. तिथं चोळलं. आवतन बी देल्लं. हसान तुमी.”

हसू कोणाला येणार होतं?  तीस वर्षं मी पोरांना काम, वेळ अन् वेगाची गणितं शिकवतो, पण यंत्राचे खांदे कुठं दुखत असतील, हा प्रश्न मला कधी पडला नाही. मी त्या हँडलचा मालक होतो. त्याला आवतन द्यावं असं मात्र ह्या माणसाला वाटलं.

“अन् तुपानं जाम कसं व्हईन?” मामाजींनी मान वर केली. अजूनही विश्वास नव्हता. “तुपानं त सुटते. पयले दोन दिवस लोन्यावानी फिरलं. मंग माहाच हात बसत गेला.”

“मामाजी, तूप तव्यावर सुटतं. ह्याच्यात धूळ खाऊन ते डिंकासारखं झालंय. बघा तर.”

पुढचा दीड तास मी घासत होतो. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाचे पिवळे बोळे ताटलीत साचत गेले. दांडा चकचकीत झाला, बूश पांढरं दिसायला लागलं. सगळं कोरडं करून राजूचं ग्रीस हरभऱ्याएवढं घेतलं आणि पातळ पसरवलं. आता उरली स्प्रिंग. हँडलला मधोमध परत आणणारी ती स्प्रिंग भलती ताठ असते. ती खुंटीत अडकवताना कोणीतरी दांडा घट्ट ओढून धरावा लागतो. नाहीतर सगळं उसळून अंगावर येतं.

“मामाजी, जरा धरा हो इकडं,” मी सवयीनं बोलून गेलो.

त्यांनी डाव्या हातानं डबा दाबला आणि उजव्या हातानं दांडा धरला. मी पक्कड लावून स्प्रिंग ताणली. ती एकदा निसटली, दोनदा निसटली. प्रत्येक वेळी दांड्याला हिसका बसत होता आणि दांडा जागचा हलत नव्हता. मामाजी माझ्यावरच खेकसले, “नीट लावा ना! बैलाच्या नाकात वेसन घालाले बी इतला टाइम नाई लागत!” तृप्तीनं माझ्याकडे पाहिलं. मग बॅटरीचा उजेड मामाजींच्या उजव्या हातावर नेला. तिनं ओठांवर बोट ठेवलं.  तिसऱ्या खेपेला स्प्रिंग बसली.

झाकण लावलं, हँडल टेबलाला आवळलं, कॉम्प्युटर सुरू केला. मोहगावच्या आकाशात विमान सोडलं आणि म्हणालो, “बसा.”

ते बसले. डावा हात मांडीखाली घातला. उजव्या हातानं शिंग धरलं, दात आवळले आणि गेले तीन आठवडे लावत होते तेवढा जोर लावून हँडल वळवलं.

विमान गर्रकन उलटं झालं. आकाश खाली, संत्र्याचे बगीचे वर. मामाजी घाबरून उलट्या बाजूला वळवायला गेले, तर ते तितक्याच जोरात दुसरीकडे पालथं झालं. दोन कोलांट्या खाऊन थेट जाम नदीत! पडदा काळा झाला. 

मामाजींनी हँडल सोडलं आणि उजवा हात डोळ्यांसमोर धरला. मिटला, उघडला. पुन्हा मिटला. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

“जवाईबापू,” ते हळूच म्हणाले, “म्हंजे इतले दिवस मी…”

“जाम मशीन ओढत होतात तुम्ही, मामाजी. रोज. म्हणूनच कप उचलायलाही हात दमलेला असायचा. मला दोन्ही हातांनी हललं नाही ते.”

मग ते रडले. दवाखान्यात रडले नव्हते, बैल गाडीत चढवले तेव्हा रडले नव्हते. आता मात्र उजव्या हाताची मूठ डोळ्यांवर ठेवून रडले. तृप्तीही रडली, आणि मी तिथं उभा राहून पक्कड पुसत होतो, ती आधीच स्वच्छ असताना. माझं हेच चुकतं. तीन आठवड्यांपूर्वी ‘कप डाव्या हातात का गेला’ एवढं विचारलं असतं, तर त्यांच्या वाट्याला एवढं दुःख आलं नसतं. मी ते त्यांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, “तवा इचारलं असतं, त हात इतला बनला नसता.” मला माफ करायचीही त्यांची पद्धत अशी, पीक मोजल्यासारखी.

रविवारी अंकुश आला. बिचारा टोपी हातात घेऊन, वाईट चेहरा करून दारात उभा. मामाजींनी त्याला बसवलं, चहा मागवला आणि स्वतःचा कप उजव्या हातानं उचलला. ह्या वेळी चार थेंबच सांडले.

“काय मग काका, वावराचं बोलायचं म्हणत होते?” अंकुश दबकत म्हणाला.

“हो. घर झाडून ठेव म्हना तुह्या घरच्याईले. उंदरं झाले असन. अन् उत्तरेच्या धुऱ्याची दोन झाडं पिवळी दिसून राहिली मले.”

“पिवळी? तुम्हाला इथून कशी दिसली?”

“वरून,” मामाजी म्हणाले आणि चहा प्यायला लागले. चित्र कुठल्या साली काढलं असेल देव जाणे.

दसऱ्याच्या सकाळी पिशवी, टोपी आणि चपला आमच्या घरातून निघाल्या. जाण्याआधी मामाजींनी विमानासमोर उभं राहून त्याला हळद-कुंकू लावलं. फक्त वरून, शिंगांना. मी पाहतोय हे बघून म्हणाले, “आत नाई लावत. समजलं आता मले.”

संध्याकाळी मोहगावच्या ओट्यावर आळी जमली. म्हातारे, पोरं, अंकुश, त्याचा बाप. मामाजी स्वच्छ धोतर नेसून मधोमध बसले होते आणि आपट्याची पानं एकेकाच्या हातावर ठेवत होते. उजव्या हातानं. प्रत्येक जण पान घेताना आधी त्या हाताकडे पाहत होता. मी जावई, म्हणून संकोचानं सगळ्यात मागे राहिलो. शेवटी पुढं झालो, वाकून पाया पडलो.

“सोनं घ्या, जवाईबापू,” ते म्हणाले. पान माझ्या तळव्यावर ठेवलं आणि माझा हात त्या पानासकट मुठीत धरला. धरूनच ठेवला. सोडेनात. आळी बघत होती, तृप्ती दारातून बघत होती. माझी बोटं एकमेकांवर चढली, पानाचा चुरा झाला.

“मामाजी,” मी म्हणालो, “सोडा हो. दुखतंय.”

“दुखते ना?” ते म्हणाले, आणि आणखी दाबला.